उसण भरते, मणका सरकतो

मराठीत उसण भरते. लचकही भरते. चमक निघते, कळ येते, पाठ धरते, कंबर ताठते. पाण्याची बादली उचलताना कमरेत एकाएकी काहीतरी अडकतं आणि माणूस अर्धवट वाकलेला, जागच्या जागी थांबतो. त्या एका क्षणासाठी आपल्या बोलीत एवढी क्रियापदं आहेत. त्यातल्या 'भरणे'कडे थोडं थांबून पाहावं. थंडीत हुडहुडी भरते, भीतीनं कापरं भरतं, वाईट बातमीनं धडकी भरते. ही सगळी बाहेरून येणारी, अंगात शिरणारी आणि थोड्या वेळानं निघून जाणारी मंडळी. हुडहुडी भरली म्हणून कोणी स्वतःला मोडलेला समजत नाही. उसणही त्याच रांगेत बसवलेली आहे. ती भरते, मग 'काढतात', मग जाते.

उसण काढण्यासाठी पायाळू माणूस शोधत. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्यानं दुखऱ्या पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत महाराष्ट्रात गावोगाव होती, काही ठिकाणी अजून आहे. त्या पायात औषध असतं असं मी म्हणत नाही. एकाएकी धरलेली पाठ बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपली आपणच सुटत जाते, पायाळू मिळाला तरी आणि न मिळाला तरी. मला त्यातलं गृहीतक महत्त्वाचं वाटतं: हे दुखणं आलेलं आहे, आणि जाणार आहे. जर्मन भाषेतही अशा दुखण्याला 'हेक्सेनशुस' म्हणतात, चेटकिणीनं मारलेला बाण. चित्र भीतीदायक आहे, पण बाण बाहेरून आलेला आहे. पाठ आपली, ती शाबूत.

आता आपल्याकडच्या कुठल्याही शहरातल्या फिजिओथेरपी केंद्रात बाहेरच्या बाकावर बसलेल्यांचं बोलणं ऐकावं. 'माझा चौथा-पाचवा मणका सरकलाय.' 'मणक्यात गॅप आलाय.' 'नस दबलीये.' 'झीज झालीये, आता काय!' या वाक्यांचं व्याकरणच वेगळं आहे. उसण 'मला' भरते, मणका 'माझा' सरकतो. 'मला ताप आला' म्हणणारा माणूस तापाच्या वाटेत सापडलेला असतो. 'माझा मणका गेला' म्हणणाऱ्याचा मात्र स्वतःचाच एक भाग बिघडलेला असतो, आणि 'सरकलाय', 'आलाय', 'झालीये' ही रूपं सांगतात की घडायचं ते घडून गेलं. गेल्या दोन-तीन पिढ्यांत पाठदुखीची मराठी अशी येणाऱ्या-जाणाऱ्या दुखण्याकडून मोडलेल्या वस्तूकडे वळली आहे. हा बदल घरात झाला नाही. तो दवाखान्यांतून, एक्स-रेच्या फिल्म उजेडासमोर धरून केलेल्या बोलण्यातून घरात आला.

एकेक शब्द घेऊ. 'मणका' हा 'मणी'चा वंशज. पाठीच्या मध्यावरून बोट फिरवलं की एकाखाली एक टेंगळं लागतात, माळेतल्या मण्यांसारखी. ज्यानं हे नाव ठेवलं त्याची नजर बारीक होती, पण नावाबरोबर माळही आली. माळेतला मणी सुटा असतो, दोऱ्यावर मागेपुढे होतो, दोरा तुटला तर ओघळतो. पाठीतले मणके असे सुटे नाहीत. जाड चिवट पट्ट्यांनी, सांध्यांनी आणि थरावर थर असलेल्या स्नायूंनी ते एकमेकांना जखडलेले आहेत. लॅटिनमधलं नाव 'व्हर्टिब्रा' हे 'वळणे' या अर्थाच्या धातूपासून आलं, म्हणजे ज्याच्यावर शरीर वळतं ते. एकाच हाडाकडे पाहून एका भाषेला त्याचा आकार दिसला आणि दुसरीला त्याचं काम. पाठ दुखणाऱ्या माणसाला आज कामाची आठवण करून देणारा शब्द अधिक उपयोगी पडला असता, असं मला मनापासून वाटतं.

दोन मणक्यांमधली चकती, जिला आपण 'गादी' म्हणतो, तिचं इंग्रजी नाव 'डिस्क' हे ग्रीक 'डिस्कोस'वरून आलं. खेळात फेकायची थाळी ती. थाळी म्हटलं की ती निसटणं ओघानंच आलं. १९३४ साली बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन डॉक्टरांनी एक निबंध प्रसिद्ध केला. चकतीचं बाहेरचं कडं फाटून आतला मऊ गर बाहेर येतो आणि पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला त्रास देतो, हे त्यांनी दाखवलं. त्यांचा शब्द 'फुटणे' असा होता. पुढे जगभर लोकांच्या तोंडी बसलं ते मात्र 'स्लिप डिस्क'. चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला तंतूंनी घट्ट रुजलेली असते. ती साबणाच्या वडीसारखी निसटत नाही, म्हणून चोळून, दाबून, ओढून 'जागेवर बसवण्या'चा प्रश्नच येत नाही. शिवाय बाहेर आलेला भाग शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, हे पुष्कळ रुग्णांच्या काही महिन्यांच्या अंतरानं काढलेल्या एमआरआयमध्ये दिसलेलं आहे. मणका खरोखर पुढे सरकण्याचा विकार वेगळा आहे, त्याला 'स्पॉन्डिलोलिस्थेसिस' म्हणतात. त्यात ग्रीकमधला मणका आणि ग्रीकमधलं सरकणं दोन्ही आहेत. आपण त्या विकाराचं वाक्य उचलून भलत्याच दुखण्याला लावलं.

'गॅप'चं काय झालं असावं, ते एक्स-रेकडे पाहिलं की कळतं. एक्स-रेत हाडं पांढरी उमटतात आणि चकती उमटतच नाही. दोन पांढऱ्या ठोकळ्यांच्या मध्ये काळी फट दिसते. त्या फटीत धडधाकट चकती बसलेली असते, पण ती दिसत नसल्यानं डॉक्टर फटीची उंची पाहतात आणि 'गॅप कमी झालाय' म्हणतात. ऐकणाऱ्याला ऐकू येतं ते 'गॅप आहे'. आपल्याकडे गॅप म्हणजे शिक्षणातली खंडलेली वर्षं, दारातली फट, दातांमधली जागा. म्हणजे नसायला हवी अशी मोकळीक. कणा हा ताठपणाचा, न मोडण्याचा शब्द. कुसुमाग्रजांच्या 'कणा' कवितेमुळे तो घराघरात त्या अर्थानं पोचलेला आहे. त्या कण्यात फट पडली म्हटल्यावर माणूस बादली उचलायला धजेल कसा?

'नस दबली'त दुसरी अडचण आहे. आपण नस किंवा शीर म्हणतो तेव्हा रक्तवाहिनीही तीच आणि मज्जातंतूही तोच. त्यामुळे दबलेली नस म्हणजे पाय पडलेली पाण्याची नळी, रक्त अडलं, पाय वाळणार, अशी भीती घरोघर आहे. हा घोटाळा एकट्या मराठीचा नाही. इंग्रजी 'नर्व्ह'च्या मागचा लॅटिन 'नेर्वुस' आणि ग्रीक 'न्यूरॉन' या दोन्हींचा जुना अर्थ स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असा होता. शवविच्छेदन करणाऱ्यांना दोऱ्या आणि तंतू वेगळे ओळखायला शतकं लागली. बाकावर बसलेल्या माणसाकडून ती ओळख दोन मिनिटांत कशी अपेक्षावी?

सगळ्यांत जड शब्द 'झीज'. संस्कृतातलं 'क्षीयते', प्राकृतातलं 'झिज्जइ', आणि त्यातून आपलं 'झिजणे'. क्षयरोगातला 'क्षय' याच घरातला. चंदन झिजतं, चपला झिजतात, पायरी झिजते, आणि यातलं काहीही परत भरत नाही. अहवालात लिहिलेल्या 'डीजनरेशन'साठी डॉक्टर हा शब्द सहज वापरतात, कारण तो तोंडाशी आहे. पण २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. पाठीचं कसलंही दुखणं नसलेल्या माणसांच्या तपासण्या ज्या अभ्यासांत झाल्या होत्या, ते सगळे त्यात एकत्र केले होते. विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांच्या चकत्यांत ही 'झीज' दिसत होती, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांच्या. ही सगळी न दुखणारी माणसं होती. म्हणजे एमआरआयमध्ये दिसतं ते पुष्कळदा केस पिकण्यासारखं वयाचं चिन्ह असतं. आणि मराठीजवळ या शब्दावर उतारा आहे, तोही शाळेच्या पुस्तकातला. प्रथिनं शरीराची झीज भरून काढतात, हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. चपलेची झीज भरत नाही, जिवंत देहाची बरीचशी भरते. 'झीज झालीये' म्हणणाऱ्यानं वाक्याचा हा दुसरा अर्धा भाग सांगितला पाहिजे, कारण त्याच्याशिवाय पहिला अर्धा दिशाभूल करतो.

शब्दांवर एवढं अडून बसण्याचं कारण संशोधनात आहे. उपचार करणाऱ्याच्या मनात पाठीचं जे चित्र असतं ते रुग्णाच्या मनात उतरतं. नेदरलँड्समध्ये ओस्टेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली फिजिओथेरपिस्टांच्या समजुती मोजणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दोन मापं आहेत. दुखतंय म्हणजे आत काहीतरी तुटलंय, असं हा थेरपिस्ट कितपत मानतो, हे पहिलं. दुखण्यात शरीराबरोबर झोप, भीती, घरचा ताण, कामाची घाई हेही मिसळलेलं असतं, असं कितपत मानतो, हे दुसरं. पुढे २०११ मध्ये स्पेनमधल्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग मला फार बोलका वाटतो. एका गटाला या दुसऱ्या मापातल्या विचाराचं शिक्षण दिलं आणि एका गटाला निव्वळ हाडं, चकत्या, बिघाड असं शिकवलं. पहिल्या गटाच्या समजुती आणि त्यांनी रुग्णाला दिलेले सल्ले सुधारले. दुसऱ्या गटाची हालचालीविषयीची भीती वाढली. शिकवण्यानं समजूत घडते तशी बिघडतेही. २०१३ मध्ये न्यूझीलंडमधल्या रुग्णांच्या मुलाखतींतून हेच दुसऱ्या टोकाकडून दिसलं. डॉक्टर किंवा थेरपिस्ट यांच्या तोंडचं एखादं वाक्य लोकांनी वर्षानुवर्षं जपलं होतं, काहींनी भीती म्हणून, काहींनी धीर म्हणून.

इथे 'वेदना' हा शब्द आपल्या बाजूला उभा राहतो. इंग्रजी 'पेन'चं मूळ लॅटिन 'पोएना', म्हणजे शिक्षा, दंड. 'वेदना'चं मूळ 'विद्', जाणणे. 'वेद' आणि 'विद्या' यांची ती सख्खी बहीण. बौद्ध ग्रंथांत तर सुखद वेदनाही असते, कारण तिथे वेदना म्हणजे कुठलीही जाणीव. आजचं वेदनाशास्त्र जे सांगतं ते या धातूत मावतं: दुखणं ही मेंदूला होणारी धोक्याची जाणीव आहे, आणि ती प्रत्यक्ष इजेपेक्षा कमी किंवा जास्त असू शकते. दुखणं आणि दुखापत यांच्यासाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत, हेही भाग्यच. 'दुखतंय, पण दुखापत नाही' हे वाक्य कोणत्याही फिजिओथेरपिस्टला मराठीत सहज बोलता येतं.

'आराम' या शब्दानं मात्र आपलं नुकसान केलं आहे. हा फारसीतून आलेला. फारसी आराम मराठीत दोन कामं करतो. 'आराम करा' म्हणजे पडून राहा, आणि 'आराम पडला' म्हणजे बरं वाटलं. उपाय आणि गुण एकाच शब्दात कोंबले गेल्यानं पडून राहिलं की बरं वाटणारच, हे भाषेनंच ठरवून टाकलं. १८६३ साली लंडनच्या जॉन हिल्टन या शल्यवैद्याचं विश्रांती आणि वेदना यांवरचं पुस्तक आलं, आणि विश्रांतीला उपचाराचं मोठं स्थान मिळालं. पाठदुखीला आठवडेच्या आठवडे बिछाना सांगण्याची पद्धत त्याच वळणाची. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी पडले आणि सात दिवसवाल्यांना जास्त गुण आला नाही. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या नगरपालिकेतल्या कामगारांवरचा अभ्यास आणखी पुढे गेला. जमेल तशी रोजची कामं करत राहणारेच लवकर बरे झाले.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं हे ज्ञान दवाखान्याबाहेर नेलं. १९९७ पासून तिथे दूरचित्रवाणीवर जाहिराती लागल्या, पाठदुखीपुढे आडवं पडू नका, अशा अर्थाच्या. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये अशी मोहीम नव्हती, म्हणून तुलना करता आली. व्हिक्टोरियात लोकांच्या आणि तिथल्या डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या, पाठदुखीपायी होणारे भरपाईचे दावे घटले. जाहिरातीतली साधी वाक्यं डॉक्टरांनाही बदलू शकतात, हे मला त्यातलं विशेष वाटतं.

आपल्याकडे फिजिओथेरपीला 'भौतिकोपचार' हे नाव मिळालं. १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू झाली. तेव्हा उष्णता, वीज, पाणी, हालचाल यांनी उपचार करण्याची ही विद्या 'भौतिक' म्हणवली जाणं साहजिक होतं. लोकांनी मात्र त्यातली उपकरणंच उचलली: 'शेक घेतला', 'करंट लावला', 'वजन लावलं', 'पट्टा दिला'. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत वजन लावून ओढणं आणि पट्टा बांधणं, दोन्ही नेहमीच्या वापरातून वगळायला सांगितलं आहे. समजावून सांगणं, व्यायाम आणि मानसिक आधार यांना तिथे जागा आहे. 'कंबर' हा शब्दही फारसी 'कमर'वरून आला, आणि आपण कंबर बांधतो, कसतो ती कामाला लागण्यासाठी. दवाखान्यातला पट्टा बांधून माणूस कामातून उठतो, हे त्या वाक्प्रचाराच्या अगदी उलटं झालं. 'थेरपी'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ सेवा, शुश्रूषा असा आहे. यंत्र बाजूला ठेवल्यावर उरते ती सेवा म्हणजे ऐकणं आणि बोलणं.

म्हणूनच फिजिओथेरपिस्टांच्या समजुती बदलण्यासाठी तयार होणारे ऑनलाइन अभ्यासक्रम मला मोलाचे वाटतात. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग पडद्यावर गेले आणि ती सवय राहिली. नांदेडमधली किंवा रत्नागिरीतली थेरपिस्ट दिवसभराचे रुग्ण संपवून रात्री ऑस्ट्रेलियातल्या शिक्षकाचं व्याख्यान ऐकू शकते. छोटे धडे, रुग्णाशी बोलतानाची चित्रफीत, मध्येमध्ये प्रश्न, आणि सुरुवातीला व शेवटी समजुती मोजणारी तीच प्रश्नावली. थोड्याशा शिक्षणानंतरही प्रश्नावलीतले गुण बऱ्याचदा सुधारतात. दुसऱ्या दिवशी रुग्णासमोर थेरपिस्टच्या तोंडातून निघणारी वाक्यं इतक्या लवकर बदलत नाहीत, आणि मराठी मुलखात त्याचं एक कारण मला स्पष्ट दिसतं. ती रात्री इंग्रजीत शिकते आणि सकाळी मराठीत बोलते. मनातली समजूत नवी झालेली असते, जिभेवर 'गॅप' आणि 'झीज' तशीच असते. रुग्ण ऐकतो ते जिभेवरचं.

'समजूत' हा शब्दच या कामाचा आराखडा आहे. 'संबुध्यते'पासून 'समजणे', म्हणजे हा बोध आणि बुद्ध यांच्या कुळातला. मराठीत अमुक अशी समजूत 'असते', म्हणजे मत असतं, आणि रुसलेल्याची किंवा घाबरलेल्याची समजूत 'काढतात', 'घालतात', म्हणजे जवळ बसून त्याला सावरतात. माहिती देणं आणि धीर देणं ही दोन कामं मराठीनं एकाच शब्दाकडे सोपवली. पाठदुखीवाल्याला निव्वळ माहिती दिली की त्याला वाटतं, माझं दुखणं मनाचा खेळ आहे असं हे म्हणतायत. त्याला आधी आपलं दुखणं खरं मानलं गेल्याचं कळावं लागतं.

नवी वाक्यं शोधायला फार लांब जायला नको. मध्येच वाढणाऱ्या दुखण्याला इंग्रजी अभ्यासक्रमात 'फ्लेअर-अप' म्हणतात. आपण म्हणतो, दुखण्यानं उचल खाल्ली. 'दुखणं उलटलं' म्हटलं की माणूस धास्तावतो, उचल खाल्लेलं मात्र पुन्हा बसतं, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. सौम्य हालचालीनंही जी पाठ कळवळते तिला 'हळवी झालीय' म्हणावं. हळू, हलका, हळवा ही 'लघु'ची लेकरं. हळव्या जागी तुटलेलं काही असावंच लागत नाही, आणि हळवेपणा हळूहळू कमी होतो. 'अकडलीय' म्हणावं, कारण अकडलेलं मोकळं होतं.

एक सावधगिरी इथेच सांगितली पाहिजे. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा, पायातली ताकद वाढत्या प्रमाणात कमी होणं, पाठदुखीबरोबर ताप किंवा कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, मोठा अपघात, यांपैकी काही असेल तर धीराची वाक्यं पुरत नाहीत, लगेच तपासणी लागते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्याच हिशेबानं सुमारे ९० टक्के कंबरदुखीत असं एखादं नेमकं कारण बोटानं दाखवता येत नाही. २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, म्हणजे हे नव्वद टक्के किती मोठे आहेत ते कळेल.

या माणसांना सर्वाधिक दिला जाणारा सल्ला आहे 'वाकू नका'. कोकणात जुलैमध्ये आवण लावणारीला, मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारीला, विदर्भात कापूस वेचणारीला हे सांगणं म्हणजे जगू नका म्हणण्यासारखं आहे. ती मान हलवते, घरी जाते आणि वाकते, मात्र आता प्रत्येक वेळी आपण मणका आणखी सरकवतोय या भीतीनं, दम धरून, अंग आखडून वाकते, आणि त्यानं जास्त दुखतं. तिच्याशी बोलायचं ते असं: बाई, तुमची पाठ हळवी झालीय, मोडलेली नाही. वाकायचं आहेच, पण आधी अर्ध्या खाचरापुरतं. मध्ये उठून चार पावलं चाला. दोन दिवसांनी पाऊण खाचर. दुखण्यानं उचल खाल्ली तर एक दिवस काम निम्म्यावर आणा, अंथरूण धरू नका, आणि परवा मला येऊन सांगा कुठवर आलात.